पेटीवरची तीन अक्षरं

सासूबाईंनी घर विकायचं नक्की केलं आणि तळघर आवरायचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. मिनेसोटातली तळघरं म्हणजे आपल्याकडचे माळे. फरक इतकाच की इथे सामान वर चढवत नाहीत, खाली ढकलतात. ख्रिसमसचे दिवे, तीन शिवणयंत्रं, सासऱ्यांची मासेमारीची आयुधं, आणि या सगळ्याच्या मागे भिंतीला टेकून ती पेटी.

पेटी आधीही पाहिली होती, पण लांबून. जवळून पाहिली ती तेव्हाच. फुगीर झाकण, लोखंडी पट्ट्या, निळ्या रंगावर तांबूस फुलांची वेलबुट्टी. पुढच्या अंगाला तीन अक्षरं रंगवलेली, ‘एम. ओ. डी.’, आणि खाली साल १८३४. घरात सांगत आले ते असं: नवऱ्याचे पणजोबा ओले हे नॉर्वेहून ही पेटी घेऊन अमेरिकेत आले, ते मूळचे बर्गनचे, आणि आपलं आडनाव हे तिथल्या आपल्या शेताचं नाव. (आडनाव इथे लिहीत नाही. घरच्यांना नको आहे.) सासरे हयात असताना, १९९२ साली, दोघं नवराबायको त्या शेतावर जाऊनही आले होते. लाल रंगाचं कोठार, मागे डोंगर, पुढे दोघं उन्हात डोळे बारीक करून उभे. तो फोटो सासूबाईंच्या बैठकीत कायम.

मी विचारलं, “ओले जन्मले १८५७ला. मग पेटीवर १८३४ कसं?”

“सेकंडहँड घेतली असेल,” नवरा म्हणाला.

“आणि एम. ओ. डी.?”

“सुतार असेल कोणीतरी.”

शंभर वर्षं हे उत्तर सगळ्यांना पुरलं होतं. मी कोकणातली. आमच्याकडे भांड्यावर नाव घातलेलं असलं की ते कुणाचं, कुठल्या लग्नात आलं, आणि आपल्याकडे कसं राहिलं, याची तीन पिढ्यांची हकीकत निघते. मला ते उत्तर पुरेना.

सुरुवात मी सगळे करतात तिथेच केली आणि सगळे चुकतात तिथेच चुकले. ‘बर्गन’ धरून बसले. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं डिजिटालआर्किवे नावाचं संकेतस्थळ आहे. चर्चची जुनी पुस्तकं, जनगणना, स्थलांतरितांच्या नोंदी, सगळं तिथे फुकट बघता येतं. बर्गन शहरातल्या चर्चांची १८५७ची बाप्तिस्म्याची पानं मी दोन महिने रोज रात्री चाळली. ओले भरपूर. आमचा एकही नाही.

तो असणारच नव्हता. त्या काळी पश्चिम किनाऱ्याचा केवढा तरी पट्टा बर्गनच्या धर्मप्रांतात मोडायचा, आणि तिथली माणसं बोटीत चढायची तीही बर्गनलाच. अमेरिकेत कुणी विचारलं की “बर्गन” सांगून मोकळी व्हायची. बदलापूरचा माणूस दिल्लीत “मुंबईचा” सांगतो, त्यातलाच प्रकार. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मग शहाणपण आलं आणि अमेरिकेच्या बाजूनं उलटी चाल धरली. जिथे माणूस मेला तिथून मागे जायचं, जन्मापासून पुढे नाही. इथली जनगणना दर दहा वर्षांनी. १९००च्या खानेसुमारीत अमेरिकेत कधी आलात तेही विचारलेलं आहे. ओलेंनी १८८० सांगितलं. १९१०ला १८८३ सांगितलं. मधली १८९०ची बघावी म्हटलं, तर ती १९२१मध्ये वॉशिंग्टनमधल्या आगीत सापडली आणि जवळजवळ सगळीच नष्ट झाली. न्यूयॉर्कला उतरलेल्यांच्या यादीत १८८० ते १८८३मध्ये मिळून ओले लार्सेन, म्हणजे लार्सचा मुलगा ओले, इतके, की त्यातला आपला कुठला हे ओळखायला काहीच आधार नाही. त्या याद्यांत देश ‘नॉर्वे’ एवढंच.

एक कागद मात्र मजेशीर मिळाला. ओलेंनी आधी मिनेसोटातल्या लाक की पार्ल काउंटीत मजुरी केली आणि मग सीमेपलीकडे डाकोटा टेरिटरीत होमस्टेडची जमीन धरली. १८६२चा कायदा असा की १६० एकर घ्या, पाच वर्षं राहून कसा, मग ती तुमची. जमीन नावावर करताना भरलेल्या अर्जांची फाइल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडून मागवता येते. घर किती बाय कितीचं, किती एकर नांगरली, विहीर आहे का, सगळं त्यात. आणि त्यातच नागरिकत्वाच्या कागदाची नक्कल. तिच्यात ओले शपथेवर सांगतात की स्वीडन आणि नॉर्वेच्या राजाशी आता माझा काही संबंध नाही. १९०५पर्यंत दोन्ही देशांचा राजा एकच होता. पण राजाचं नाव देणाऱ्या त्या कागदात गावाचं नाव नाही. १९०६च्या आधीचे हे कागद असेच कोरडे असतात.

फाइलमध्ये दोन शेजाऱ्यांच्या साक्षी होत्या, ‘आम्ही याला ओळखतो, हा इथेच राहतो’ अशा. त्यांची नावं मी वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवली. का, ते तेव्हा माहीत नव्हतं.

गावाचं नाव मिळालं ते चर्चमध्ये. ओलेंचं लग्न लाक की पार्लमधल्या एका लहानशा लुथरन चर्चमध्ये झालेलं. त्या काउंटीचं मुख्य ठिकाण मॅडिसन, म्हणजे विस्कॉन्सिनचं नव्हे, मिनेसोटातलं. हे मॅडिसन स्वतःला अमेरिकेची लुटेफिस्क-राजधानी म्हणवून घेतं. लुटेफिस्क म्हणजे सुकवलेला कॉड मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून थुलथुलीत केलेला. सुकट-बोंबलांवर वाढलेली मी, मला वाटलं आपल्याला काय अवघड आहे. दोन घासांनंतर मी बटाट्यांकडे वळले.

त्या चर्चची जुनी नोंदवही नॉर्वेजियनमध्ये आहे. अमेरिकेत येऊन पिढी उलटली तरी ही मंडळी चर्चचे कागद आपल्याच भाषेत ठेवत होती, आणि आमचं काम झालं ते त्यामुळेच. इंग्रजी कारकुनानं ‘नॉर्वे’ लिहून विषय संपवला असता. पाळकबुवा मात्र स्वतः तिकडचे. त्यांना नॉर्वेतलं कुठलं गाव याच्याशी मतलब होता. वराच्या नावापुढे त्यांनी लिहिलंय, ‘ल्युस्टर, सोग्न’.

सोग्नेफ्योर्ड ही समुद्राची दोनशे किलोमीटरहून लांब फाट, आणि ल्युस्टर, आजचं स्पेलिंग लुस्टर, तिच्या अगदी आतल्या टोकाला. दोन्ही बाजूंना कडे आणि पाण्यालगत जेमतेम मातीची पट्टी. नॉर्वेत लागवडीची जमीन आजही जेमतेम तीन टक्के. १८०१ला देशात सुमारे ८.८ लाख माणसं होती, १८६५ला १७ लाख. जमीन तेवढीच राहिली. १८२५ साली स्टाव्हांगरहून ५२ जणांना घेऊन ‘रेस्टॉरेशन’ हे गलबत न्यूयॉर्कला गेलं, तिथपासून पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांवर माणसं निघून गेली, ती अशाच खोऱ्यांतून.

फोटोतलं शेतही ल्युस्टरमध्येच होतं, म्हणजे धागा जुळत होता. आणि वंशावळ्यांच्या एका संकेतस्थळावर तर सगळं तयारच होतं. कुणीतरी ओलेंना त्याच शेताच्या मालकाचा, लार्सचा मुलगा करून ठेवलेलं. जन्म १८५७, आईबाप, आजोबा, थेट सतराशे सालापर्यंत. एकानं लिहिलेलं आठ जणांनी उतरवून घेतलेलं. नवरा म्हणाला, “झालं की मग!” पेटीचं काय, हा माझा प्रश्न त्याला खुसपट वाटला.

इथे नावांची भानगड सांगायला हवी. तेव्हाच्या नॉर्वेजियन खेड्यात आडनाव नावाची चीजच नव्हती. स्वतःचं नाव आणि त्यापुढे बापाचं. लार्सचा मुलगा ओले म्हणजे ओले लार्सेन. याचा मुलगा लार्स झाला तर तो लार्स ओल्सेन. मुलगी असेल तर शेवटी ‘दात्तर’, म्हणजे लेक. ओल्सदात्तर, ओलेची लेक. आणि लग्नानं बाईचं नाव बदलत नाही! ती मरेपर्यंत बापाचीच लेक. आमच्या घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत आहे. त्यात लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि पणज्या एका ओळीत संपतात, आलेल्या सुना तर माहेरच्या नावासकट पुसल्या जातात. तिकडच्या नोंदीत बाई शोधणं पुरुषाइतकंच सोपं, कधीकधी जास्तच.

या नावापुढे तिसरा शब्द लागतो तो शेताचा. पण तो पत्ता असतो. माणूस या शेतावरून त्या शेतावर गेला की तो शब्द बदलला. आमच्या ‘कर’वाल्यांनी गाव सोडून दोनशे वर्षं झाली तरी गावाचं नाव सोडलं नाही. यांचं उलटं, कालपर्यंत इथला, आज तिथला. कायमचं आडनाव घ्यायची सक्ती तिथे १९२३च्या कायद्यानं झाली. तोवर अमेरिकेत गेलेल्यांनी जो शब्द हाताशी होता तो आडनाव म्हणून लावून टाकला होता. म्हणजे शेताचं नाव लावलं याचा अर्थ शेत आपलं असा होत नाही. शेवटचा पत्ता तो, इतकंच. हे मी वाचलं होतं, घरात बोलून मात्र दाखवलं नव्हतं.

मृत्यूचं पुस्तक उघडलं ते निव्वळ खातरजमा म्हणून. कुणी मूळपुरुष सापडला की तो लहानपणी मेला नाही ना, हे आधी बघावं, असं मला मॅडिसनच्या, या वेळी विस्कॉन्सिनच्या मॅडिसनच्या, नॉर्वेजियन-अमेरिकन वंशशोध केंद्रातल्या एका बाईंनी बजावलं होतं. बघितलं. १८५९, फेब्रुवारी, त्याच शेतावरचा, त्याच बापाचा ओले लार्सेन, वय दीड वर्ष. नऊ जणांनी मिळून एका मेलेल्या बाळाला अमेरिकेला पाठवलं होतं.

त्या रात्री मी घरात कुणाला काही बोलले नाही.

आता उरलं ते खरं काम. ते वाचायचं कसं हाच पहिला प्रश्न, कारण ती पुस्तकं गॉथिक हस्ताक्षरात आहेत. लिपी रोमनच म्हणायची, पण ‘ई’ आणि ‘एन’ सारखेच दिसतात, ‘एच’ला खाली शेपूट, ‘यू’च्या डोक्यावर हुकासारखी खूण, आणि पाळक घाईत असला की सगळी ओळ म्हणजे मेलेल्या गांडुळांची रांग. मला माझ्या आजोबांची ट्रंक आठवली. तिच्यात मोडीतली खतं होती आणि ती घरात फक्त आजोबांना लागायची. आम्हा नातवंडांना मोडी शिकवताना ते म्हणायचे, अक्षर वाचू नको, लिहिणाऱ्याचा हात वाच. ते इथे जसंच्या तसं लागू पडलं. पाळक बदलला की लिपी बदलल्यासारखी वाटते. मी एका कागदावर त्या पाळकाच्या हातचे महिने, वार, आणि नेहमीची नावं, लार्स, कारी, ब्रिता, जशी दिसतात तशी चितारून काढली. ‘सप्टेंबर’ ओळखता आला की त्यातून ‘एस’, ‘पी’, ‘टी’, ‘बी’ सुटतात. एक शब्द लागायला पहिल्यांदा अर्धा तास गेला. महिन्याभरात पान दहा मिनिटांवर आलं.

पुस्तकं मात्र शिस्तीची. १८१२पासून हुकूमच होता की नोंदी दोन प्रतींत ठेवायच्या, एक पाळकाची, एक चर्चच्या कारकुनाची, आणि दोन्ही एका छपराखाली ठेवायच्या नाहीत. एक जळाली तर दुसरी राहावी म्हणून. छापील रकाने: जन्म, बाप्तिस्मा, आईबाप, राहण्याचं शेत, साक्षीला उभे राहिलेले पाच-सहा जण त्यांच्या शेतांसकट, आणि औरस की अनौरस.

ल्युस्टरच्या पुस्तकांत १८५६ ते १८६० या काळात ‘बाप लार्स, मुलगा ओले’ अशा पाच नोंदी निघाल्या. मग एकेकाला बाद करायचं. एक तो मेलेला. एक १९००च्या जनगणनेत बायकोपोरांसह ल्युस्टरमध्येच नांदतोय, बाद. एक १८८५च्या शहरी जनगणनेत बर्गनला जोडे शिवताना सापडला, बाद. उरले दोन. दोघंही १८७५नंतर गावच्या कागदांतून नाहीसे. दोघांपैकी आपला कोण हे ठरवायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

इथे मी चार महिने अडकले. हात टेकून एका लांब सुट्टीत आम्ही आयोवात डेकोराला गेलो. तिथे नॉर्वेजियन-अमेरिकनांचं व्हेस्टरहाइम नावाचं मोठं संग्रहालय आहे. एका दालनात पेट्याच पेट्या. निळ्या, तांबड्या, वेलबुट्टीच्या. प्रत्येकीवर अक्षरं आणि साल. मी एकेक वाचत पुढे सरकले आणि पाचव्या-सहाव्या पेटीशी थबकले. शेवटचं अक्षर एकतर ‘एस’ नाहीतर ‘डी’. तिसरं काही जवळपास नाहीच. इतक्या सुतारांची नावं एकाच अक्षरावर कशी संपतील?

‘एस’ म्हणजे सॉन, मुलगा. ‘डी’ म्हणजे दात्तर.

म्हणजे आमच्या तळघरातली पेटी बाईची. एम. ही ओ.ची लेक. मार्ता, मारित, मारी यांपैकी कुणीतरी ओल्सदात्तर, जिला १८३४ साली, बहुधा लग्नात, ही पेटी मिळाली. मी नवऱ्याचं मनगट इतकं जोरात धरलं की तो म्हणाला, “हळू, लोक बघतायत.”

मोटेलवर आल्या आल्या लॅपटॉप उघडला. ल्युस्टर, १८३४, लग्नं. ऑक्टोबरमध्ये एक मार्ता ओल्सदात्तर, वय २२, नवरा योहान्नेस, हुसमन. हुसमन म्हणजे दुसऱ्याच्या शेताच्या कडेला झोपडी आणि वावभर तुकडा घेऊन राहणारा, बदल्यात मालकाकडे राबणारा. आपल्याकडचं कूळ म्हणावं तर कूळही बरं. पुढे त्यांना ब्रिता नावाची मुलगी, जन्म १८३६. आणि माझ्या उरलेल्या दोन ओलेंपैकी एकाची आई कोण? ब्रिता योहान्नेसदात्तर.

त्या ओलेची जन्मनोंद मी आधी चार वेळा वाचली होती, पण कडेचा बारीक मजकूर सोडून. आता तो लावला. जन्म २ फेब्रुवारी १८५८. ओलेंच्या थडग्यावर २ फेब्रुवारीच आहे, साल मात्र १८५७. दिवस पक्का, वर्ष घसरलेलं. २ फेब्रुवारी म्हणजे मेणबत्त्यांचा सण, क्युन्देल्समेसे. अशा दिवशी जन्मलेलं पोर दिवस विसरत नाही. औरस-अनौरसच्या रकान्यात ‘अनौरस’. आई अविवाहित, मोलकरीण. बाप लार्स, अविवाहित, शेजारच्या शेतावरचा. आणि शेवटी पाळकबुवांनी दोघांच्या चुकांचा हिशेब मांडलाय: तिची पहिली वेळ, त्याची दुसरी. ही तेव्हाची रीतच होती. पोराला नाव मार्ताच्या बापाचं दिलेलं, ओले.

१८६५च्या जनगणनेचं पान तर मी छापून भिंतीवर लावलंय. ३१ डिसेंबर १८६५ला एका झोपडीत माणसं दोन. मार्ता ओल्सदात्तर, हुसमनची विधवा, ५४. ओले लार्सेन, ‘तिचा मुलीकडून नातू’, ८. (त्या जनगणनेत चालू वर्ष धरून वय लिहितात. आपल्याकडे म्हातारी माणसं ‘आठवं चालू आहे’ म्हणतात तसं. मी सात शोधत बसले होते.) शेजारच्या रकान्यांत मालमत्ता: गाय एक, मेंढ्या पाच, शेळ्या चार. पेरणी पाव पिंप बार्ली, दीड पिंप बटाटे. पिंप म्हणजे साधारण १३९ लिटर. एवढ्यावर आजी आणि नातू. आई ब्रिता त्या यादीत नाही, ती दुसऱ्या शेतावर कामाला. बाप लार्सनं १८६०लाच एका बऱ्या घरात लग्न करून टाकलेलं.

पंधराव्या वर्षी ओलेंचं कन्फर्मेशन झालं, म्हणजे बाप्तिस्म्याचा धर्म स्वतः कबूल करण्याचा विधी. ते सक्तीचंच होतं, आणि त्याच्या नोंदीत देवी टोचल्याची तारीखही लागायची. धर्मज्ञानाबद्दल पाळकाचा शेरा: ‘मादेलिग’, म्हणजे बेताचंच. हा शेरा वाचून नवऱ्याला कोण आनंद झाला. “आमच्याकडे परंपराच आहे,” म्हणाला.

१८७५ला ओले सतरा संपून अठराव्यात, ‘येनर’, म्हणजे गडी. कुठल्या शेतावर? लाल कोठार, मागे डोंगर.

ते पान मी बराच वेळ बंद केलं नाही.

अजून खुंटा हलवून बघायचा होता, कारण दुसरा ओले अजून हिशेबात होता. गाव सोडणाऱ्यांची नावं पोलिसांकडे नोंदवली जायची. तिकिटाच्या दलालांनी लोकांना फसवू नये म्हणून हा बंदोबस्त झाला, आणि बर्गनची ही वही १८७४पासूनची शाबूत आहे. दुसरा ओले तिच्यात १८७८ला सापडला, आईबापांसकट, विस्कॉन्सिनच्या वाटेवर. आणि १८८२च्या एप्रिलमध्ये ओले लार्सेन, ल्युस्टर, अविवाहित, वय २४, मजूर, मिनेसोटा. १८८२ म्हणजे सगळ्यात मोठ्या लोंढ्याचं साल, एका वर्षात अठ्ठावीस हजारांवर माणसं गेली. त्या काळी बहुतेक जण आधी बोटीनं इंग्लंडमधल्या ‘हल’ बंदरात जायचे, तिथून आगगाडीनं लिव्हरपूलला, आणि मग अटलांटिक. त्या गर्दीत हा ओले आमचाच कशावरून? त्याच्या खालच्या ओळीवरून. तिथे ल्युस्टरचाच आणखी एक जण, त्याच दिवशी, त्याच बोटीचा. मी वहीचं मागचं पान उघडलं. डाकोटात ओलेंच्या जमिनीसाठी ‘मी याला ओळखतो’ म्हणून साक्ष दिलेला शेजारी तोच.

चर्चच्या पुस्तकात गाव सोडून गेलेल्यांचा एक वेगळा रकाना असतो. तिथेही तो सापडला: ओले लार्सेन, अमेरिका, एप्रिल १८८२. त्याच वहीची मागची पानं उलटताना आणखी एक नोंद लागली. नोव्हेंबर १८८१, दफन, मार्ता ओल्सदात्तर, हुसमनची विधवा, गावच्या गरीब-निधीवर. ६९ वर्षं. पाच महिन्यांनी नातू पेटी उचलून निघाला.

सासूबाईंना सांगायचं माझ्यावरच आलं. नवरा म्हणाला, “तूच खणलंस, तूच सांग.” त्या आता लहान फ्लॅटमध्ये राहतात. फोटो तिथल्याही भिंतीवर होता. मी कागद टेबलावर क्रमानं मांडले आणि सांगत गेले. शेत आपलं नव्हतं. ओले तिथे गडी होते. बाप होता, पण नावापुरता. वाढवलं आजीनं. बाई ऐंशीच्या पुढच्या, देवभिरू. ‘अनौरस’ या शब्दाशी माझी जीभ जरा अडखळली. त्यांची नाही. “हं,” इतकंच म्हणाल्या. कॉफी ओतली. १८६५चं पान जवळ ओढून शेळ्या परत मोजल्या.

मग उठून भिंतीवरचा फोटो काढला. मला वाटलं, झालं, आता हा कपाटात जाणार. त्यांनी तो पालथा घातला. मागे सासऱ्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘आमचं शेत, १९९२’. सासूबाईंनी पेन्सिल घेतली, ‘आमचं’वर एक आडवी रेघ मारली, आणि मला म्हणाल्या, “तो शब्द काय म्हणालीस मघाशी, गड्याला? स्पेलिंग सांग.”